ठिपक्यानंतरची ओळ

‘पाठवा’चे बटण दाबले जाते, पट्टी अर्ध्यापर्यंत सरकते आणि एक चौकट उघडते: संदेश पाठवता आला नाही, सेटिंग तपासून पुन्हा प्रयत्न करा. संगणकावरचा मेलचा प्रोग्रॅम आपल्याला सांगतो ते एवढेच. त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत त्याचे पलीकडच्या सर्व्हरशी जे बोलणे झालेले असते ते मात्र सविस्तर असते, क्रमाने झालेले असते, आणि नकार नेमका कशासाठी मिळाला हेही त्यात बहुतेक वेळा स्वच्छ सांगितलेले असते. हे बोलणे उतरवून घेण्याची सोय जवळपास सगळ्या मेल प्रोग्रॅममध्ये असते, फक्त ती मुळात बंद ठेवलेली असते. ती चालू केली की हाती येणाऱ्या मजकुराला लॉग म्हणतात.

लॉग हा दुरुस्ती करणाऱ्याचा कागद मानला जातो. अडचण सुटली की तो कोणी पुन्हा उघडत नाही. मला तो नीट रचलेला मजकूर वाटतो. त्यात ठरलेले दोघे बोलतात, त्यांच्या बोलण्याला ठरलेला क्रम आहे, आणि ‘इथे काय बिघडू शकेल’ याचा कोणीतरी पूर्वी विचार केला म्हणून त्यातली प्रत्येक ओळ तिथे आहे. ओळीओळीपाशी थांबून वाचला, तर एका पत्राची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात कोणत्या क्षणी जाते याची ती हकिकत आहे. कवितेपाशी आपण जसे रेंगाळतो तसे या हकिकतीपाशी रेंगाळावे, एवढ्यासाठी हा लेख.

वाचनासाठी मी थंडरबर्ड निवडतो. २००४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तो मोफत आहे आणि त्याचा लॉग साध्या अक्षरांत असतो. आउटलुकमध्येही ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर ट्रबलशूटिंग लॉगिंगची खूण करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करता येतो, पण तिथे तयार होणाऱ्या फायलींपैकी बऱ्याच फायली नोटपॅडमध्ये वाचता येण्याजोग्या नसतात. थंडरबर्डमध्ये मेल पाठवण्याची बाजू पाहायची असेल तर सेटिंग्जच्या जनरल पानाच्या अगदी तळाशी कॉन्फिग एडिटर आहे. त्यात ‘मेलन्यूज.एसएमटीपी.लॉगलेव्हल’ शोधायचे, त्याची किंमत ‘ऑल’ करायची आणि कंट्रोल, शिफ्ट आणि जे एकत्र दाबून एरर कन्सोल उघडायचा. मेल येण्याची, म्हणजे आयमॅपची बाजू फाइलमध्ये उतरवायची असेल तर प्रोग्रॅम पूर्ण बंद करून, ‘मॉझ_लॉग’ आणि ‘मॉझ_लॉग_फाइल’ या दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलना किंमत देऊन, मग तो सुरू करावा लागतो. ही व्हेरिएबल सुरुवातीलाच वाचली जातात, म्हणून आधी बंद करणे आवश्यक. तपशिलाच्या पातळ्या एक ते पाच. एकवर फक्त चुका नोंदल्या जातात, पाचवर जवळजवळ सगळेच. फाइलमधली वेळ आपल्या घड्याळाची नसते, ती जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. सकाळी साडेदहाचा प्रसंग लॉगमध्ये पाच वाजता सापडतो, आणि पहाटे साडेपाचच्या आतला तर आदल्या तारखेखाली. हे ध्यानात नसले तर नको त्या ओळी वाचण्यात बराच वेळ जातो.

आता पाठवण्याचा लॉग. प्रत्येक ओळीआधी बोलणाऱ्याचे आद्याक्षर असते: ‘सी’ म्हणजे आपला प्रोग्रॅम, ‘एस’ म्हणजे सर्व्हर.

पहिली ओळ ‘एस’ची असते, आणि इथेच पहिल्यांदा थांबावे. वेबवर नेहमी मागणारा आधी बोलतो. मेलच्या व्यवहारात जोडणी आपण करायची आणि मग गप्प राहून वाट पाहायची, असा रिवाज आहे. सर्व्हर ‘२२०’ म्हणतो, आपले नाव सांगतो, तेव्हाच पाहुण्याने तोंड उघडायचे. स्पॅम पाठवणारे प्रोग्रॅम घाईत असतात, त्यांना ही वाट पाहवत नाही, म्हणून काही सर्व्हर स्वागताची ओळ मुद्दाम थोडी उशिरा देतात आणि आधी बोलणाऱ्याला ओळखून बाहेर ठेवतात.

या रिवाजातून एक नेहमीची अडचणही समजते. सर्व्हरचे ४६५ क्रमांकाचे पोर्ट पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्शनची अपेक्षा करते आणि त्यात पहिले पाऊल आपल्या प्रोग्रॅमने टाकायचे असते. ५८७ वर आधी उघडे बोलणे होते, मग एन्क्रिप्शन. सेटिंगमध्ये पोर्ट ४६५ आणि पद्धत मात्र ५८७ ची निवडली गेली, तर प्रोग्रॅम ‘२२०’ची वाट पाहत बसतो आणि सर्व्हर प्रोग्रॅमच्या पहिल्या पावलाची. दोघेही आपापल्या नियमाने वागत असतात, आणि कोणीच बोलत नाही. लॉगमध्ये जोडणीची नोंद दिसते आणि पुढे काहीच नाही, शेवटी मुदत संपते. ही रिकामी जागासुद्धा वाचायची असते. स्वागताची ओळ आलेली नाही एवढ्यावरून पुष्कळदा निदान होऊन जाते.

स्वागतानंतर ‘सी’ म्हणतो ‘ईएचएलओ’ आणि आपला पत्ता सांगतो, बहुतेकदा घरच्या राउटरने दिलेला. मूळ १९८२ च्या नियमांत हा नमस्कार ‘एचईएलओ’ असा होता. १९९३ मध्ये पहिली दोन अक्षरे उलटवून नवा नमस्कार ठरवला गेला. तो करणारा सांगत असतो की मला नंतरच्या सोयीही कळतात, तुमच्याकडे कोणत्या आहेत ते सांगा. जुन्या सर्व्हरला तो कळला नाही तर तो चूक दाखवतो आणि प्रोग्रॅम जुना नमस्कार करतो. नव्याला जागा करताना जुन्याला बाहेर काढायचे नाही, ही वृत्ती या सगळ्या व्यवस्थेत भरून आहे.

उत्तरात सर्व्हर आपल्या सोयींची यादी वाचतो. यादीच्या प्रत्येक ओळीला ‘२५०’ असते, पण अंकानंतरचे चिन्ह पाहा. शेवटची सोडून सगळ्या ओळींत अंकाला चिकटून आडवी रेघ असते आणि शेवटच्या ओळीत तिथे मोकळी जागा. रेघ आहे तोवर बोलणे चालू आहे, जागा आली की संपले. यादी किती ओळींची आहे हे आधी सांगावे लागत नाही, ऐकणाऱ्याला मधेच बोलण्याची वेळ येत नाही, आणि हे सारे एका चिन्हाच्या जागेवर भागते. एवढ्या कमी सामग्रीत इतके काम करणारी खूण मला दुसरीकडे फारशी आढळलेली नाही.

यादीतल्या दोन ओळी आपल्या विशेष कामाच्या. ‘साइझ’ पुढे एक आकडा असतो, सर्व्हर एका मेलचे किती बाइट स्वीकारेल तो. जीमेलचा सर्व्हर ३,५८,८२,५७७ हा आकडा सांगत आला आहे. मर्यादा २५ एमबीची म्हणतात, मग हा सुमारे ३४ एमबीचा आकडा कुठला? अटॅचमेंट मेलमधून जाताना तिच्या दर तीन बाइटांची चार साधी अक्षरे केली जातात आणि ओळीही तोडल्या जातात, त्यामुळे ती एक-तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते. ज्या सर्व्हरची मर्यादा २० एमबीची आहे तिथे १६ एमबीचा फोटोसंच का अडतो, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. आणि तो अडतो तोही सौजन्याने. प्रोग्रॅम पाठवणाऱ्याचे नाव सांगतानाच मेलचा आकार सांगून टाकतो, त्यामुळे सर्व्हर एकही बाइट न घेता ‘५५२’ म्हणून आधीच नाही म्हणू शकतो.

दुसरी ओळ ‘एसएमटीपी-यूटीएफ-८’. तिचे नियम २०१२ चे. पत्त्यातच देवनागरी अक्षरे असतील तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरच्या यादीत ही ओळ हवी. ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून देवनागरीत मिळते, त्यावर मराठीत पत्ता घेता येतो, पण पलीकडच्या सर्व्हरने ही सोय जाहीर केली नसेल तर तिथवर मेल जात नाही. देवनागरी पत्ता चालत का नाही, असे विचारणाऱ्याला मी आधी ही यादी पाहायला सांगेन. मराठी पत्ता देणाऱ्या संस्थांनीही ती पाहावी, आपल्या आणि आपल्या ग्राहकांच्या सर्व्हरची.

पोर्ट ५८७ असेल तर पुढे ‘स्टार्ट टीएलएस’ येते, सर्व्हर होकार देतो आणि इथून बोलणे बंद दाराआड जाते. मग ‘सी’ पुन्हा ‘ईएचएलओ’ म्हणतो आणि सर्व्हर पुन्हा सगळी यादी वाचतो. लॉग पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा दोष वाटतो. तो दोष नाही, नियम आहे. एन्क्रिप्शनच्या आधी जे ऐकले ते वाटेत कोणीही बदललेले असू शकते, म्हणून ते सगळे विसरायचे आणि पहिल्यापासून विचारायचे. दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की फरकही दिसतो. दुसऱ्या यादीत ‘स्टार्ट टीएलएस’ नसते, आणि पासवर्ड स्वीकारण्याची ‘ऑथ’ ही ओळ पुष्कळ सर्व्हर या दुसऱ्या यादीतच देतात, म्हणजे उघड्यावर पासवर्ड विचारतच नाहीत.

ओळख पटवण्याच्या जागी लॉगमध्ये एक वेगळी ओळ येते. थंडरबर्ड तिथे कमांड लिहीत नाही. नोंद दाबून ठेवली आहे, बहुधा तिच्यात ओळखीची माहिती होती, अशा अर्थाचे वाक्य लिहितो. त्यातला ‘बहुधा’ मला फार आवडतो. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने खात्रीचा आव आणलेला नाही. पासवर्ड असण्याची शक्यता आहे, तेवढ्यानेच नोंद झाकली आहे. शंका असेल तिथे वापरणाऱ्याच्या बाजूने झुकायचे, हे त्या ओळीत आहे. सगळेच प्रोग्रॅम इतके जपत नाहीत. काहींच्या लॉगमध्ये इथे अक्षरांची एक अगम्य ओळ दिसते आणि ती कुलूपबंद वाटते, पण तो फक्त बेस-६४ असतो, म्हणजे अटॅचमेंटसारखीच तीन बाइटांची चार अक्षरे करण्याची पद्धत, कोणालाही क्षणात उलगडता येणारी.

यानंतर ‘२३५’ आले तर ओळख पटली, ‘५३५’ आले तर नाही. पासवर्ड बरोबर असूनही ‘५३५’ येण्याचे एक मोठे कारण अलीकडचे आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमला प्रवेश देणे थांबवायला सुरुवात केली. तिथे आता ‘ओऑथ’ची पद्धत निवडावी लागते किंवा वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

या आकड्यांविषयी आता सलग बोलायला हवे, कारण लॉगचे खरे सौष्ठव तिथे आहे. मेल पाठवण्याचे हे नियम १९८२ च्या ऑगस्टमध्ये जोनाथन पोस्टेल यांनी लिहिले, कॅलिफोर्नियातल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना. सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला तीन अंक आणि त्यापुढे मजकूर, ही रचना त्यांत आहे. अंक यंत्रासाठी, मजकूर माणसासाठी. मजकूर प्रत्येक सर्व्हर आपल्या शब्दांत लिहू शकतो, कोणी थोडक्यात लिहितो, कोणी मदतीच्या पानाचा पत्ताही देतो. प्रोग्रॅमने निर्णय घ्यायचा तो अंकांवरून, आणि त्यातही मुख्यतः पहिल्या अंकावरून. दोन म्हणजे झाले. तीन म्हणजे इथवर ठीक, पुढचे द्या. चार म्हणजे आत्ता नाही. पाच म्हणजे असे नाही. दुसरा अंक विषय सांगतो: शून्य असेल तर कमांडची रचना चुकली, दोन असेल तर जोडणीविषयी, पाच असेल तर मेलच्या व्यवस्थेविषयी. ‘४२१’ वाचले की मजकुराकडे न पाहताही कळते, नकार तात्पुरता आहे आणि प्रश्न जोडणीचा आहे.

चार आणि पाच यांतला भेद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नकार देणाऱ्यावर इथे एक बंधन आहे: तू नाही म्हणतोस ते आजपुरते की या स्वरूपात कधीच नाही, हे तुला सांगावेच लागेल. चारने सुरू होणारे उत्तर असेल तर मेलमध्ये काही बदलू नका, थोड्या वेळाने तीच पुन्हा पाठवा. पाचने सुरू होणारे असेल तर दहादा बटण दाबून उपयोग नाही. पत्ता, आकार, पासवर्ड, काहीतरी बदलावेच लागेल. चौकटीतले ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा भेद पुसून टाकते, म्हणूनच मला ते वाक्य खटकते. आणि एक अंक चुकला तर काय होते याचे उदाहरण खुद्द नियमांच्या इतिहासात आहे. एका मेलला स्वीकारता येतील त्यापेक्षा जास्त पत्ते दिले गेले तर ‘५५२’ म्हणावे, असे १९८२ च्या नियमांत होते. पण हा नकार कायमचा नाही, उरलेले पत्ते दुसऱ्या खेपेला देता येतात. २००१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले गेले की तिथे ‘४५२’ हवे होते, आणि कोणी जुन्या सवयीने ‘५५२’ म्हटलेच तर प्रोग्रॅमने ते तात्पुरतेच समजावे. जुनी चूक नाव घेऊन मान्य केली आणि जुन्या सर्व्हरला सांभाळूनही घेतले.

‘मेल फ्रॉम’, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव सांगून झाले की घेणाऱ्यांसाठी ‘आरसीपीटी टू’च्या ओळी येतात, प्रत्येक पत्त्याला एक. पाकिटावरची ही नावे आणि पत्रात वर छापलेली नावे वेगळी असू शकतात. ‘बीसीसी’मध्ये ठेवलेली माणसे पत्रात कोणाला दिसत नाहीत, पण इथे त्यांचेही नाव घ्यावे लागते, आणि लॉगमध्ये ते राहते. लॉग दुसऱ्याच्या हाती देण्याआधी हे आठवावे. प्रत्येक नावाला सर्व्हर स्वतंत्र उत्तर देतो. वीस नावांपैकी एकोणिसांना ‘२५०’ आणि एकालाच ‘५५०’ मिळाले, तरी थंडरबर्ड पाठवणी तिथेच थांबवतो. संमेलनाची, वर्गणीची, गृहनिर्माण संस्थेच्या सभेची मेल शंभर जणांना पाठवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सगळी यादीच नाकारली गेली असे वाटते. लॉगमध्ये पाहिले तर एका पत्त्यात एक अक्षर कमी पडलेले असते.

आणि मग ‘डेटा’. सर्व्हर ‘३५४’ म्हणतो, म्हणजे पत्र सांगा, आणि संपले की एका ओळीत फक्त एक ठिपका द्या. इथे एक प्रश्न उभा राहतो. पत्रातच कोणी एखाद्या ओळीत नुसता ठिपका दिला तर? सर्व्हरला वाटेल पत्र संपले, आणि उरलेला मजकूर त्याला कमांड वाटेल. त्यावर १९८२ पासूनचा उपाय असा: पत्रातली जी ओळ ठिपक्याने सुरू होते तिच्याआधी पाठवणाऱ्याने आणखी एक ठिपका जोडायचा आणि घेणाऱ्याने तो काढून टाकायचा. पत्र लिहिणाऱ्याला हे कधी कळतही नाही. त्याने काय लिहावे यावर बंधन घातलेले नाही, बंधन वाहून नेणाऱ्यांनी आपल्यावर घेतले आहे. कोट्यवधी मेल रोज या नियमाने जातात आणि त्यातला एकही जास्तीचा ठिपका आपल्यापर्यंत येत नाही.

शेवटचा ठिपका गेला की सर्व्हर ‘२५०’ म्हणतो. हा अंक आतापर्यंत बऱ्याचदा येऊन गेलेला असतो, पण इथे त्याचे वजन वेगळे आहे. या ओळीपर्यंत पत्र आपले होते. काही बिघडले तर ते आपल्याकडेच, आपल्या ड्राफ्टमध्ये किंवा आउटबॉक्समध्ये असते. या ओळीबरोबर सर्व्हर सांगतो की पत्र आता माझ्या ताब्यात आहे: ते पोहोचवणे माझे काम, आणि पोहोचवता आले नाही तर तसे कळवणे हेही माझेच काम. नंतर माझे यंत्र बंद पडले, ही सर्व्हरची सबब नियमांना मान्य नाही. रजिस्टर्ड पत्र खिडकीत दिल्यावर जी पावती हाती येते तिचेच हे स्थान, आणि त्या पावतीसारखाच या ओळीतही बहुतेक वेळा एक क्रमांक असतो, सर्व्हरने आपल्या रांगेत त्या मेलला दिलेला. ‘मी पाठवली’ आणि ‘मला मिळाली नाही’ अशी दोन माणसांत ओढाताण चालू असेल, तर ही ओळ आणि तिच्यातला क्रमांक सर्व्हर सांभाळणाऱ्याला द्यावा. पुढचा शोध त्याच्या लॉगमध्ये घ्यायचा असतो, आपली बाजू इथे संपली.

या देवघेवीत एक अरुंद फट आहे. ठिपका गेला, सर्व्हरने पत्र ठेवून घेतले, पण त्याचे ‘२५०’ आपल्यापर्यंत येण्याआधी जोडणी तुटली. आता प्रोग्रॅमला वाटते पत्र गेले नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि पलीकडे एकाच मेलच्या दोन प्रती पोहोचतात. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ मध्ये याच दुहेरी प्रतींवर स्वतंत्र टिपण लिहिले आणि सर्व्हरने ठिपक्यानंतर रेंगाळू नये, आधी पोच द्यावी, बाकीची कामे नंतर करावीत, असे सुचवले. नियमांनीही प्रोग्रॅमला या जागी सर्वांत जास्त धीर धरायला सांगितले आहे, दहा मिनिटे. इतर कमांडना दोन ते पाच मिनिटेच. ही फट पूर्ण बुजवता येत नाही. मग पत्र हरवण्यापेक्षा ते दोनदा पोहोचलेले बरे, अशी निवड केली गेली. ती मला योग्य वाटते. मोठी अटॅचमेंट पाठवताना लोकांना दोन-दोन प्रती मिळत असतील तर ठिपक्याची ओळ आणि त्यानंतरच्या ओळीची वेळ पाहावी. पुष्कळदा मधला एखादा अँटिव्हायरस किंवा डळमळीत वाय-फाय तिथे सापडते.

‘क्विट’ आणि ‘२२१’ ने निरोप होतो. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

येणाऱ्या मेलचा, आयमॅपचा लॉग वेगळ्या घडणीचा असतो, आणि मराठी वाचकासाठी त्यात एक खास गोष्ट आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅपची सुरुवात केली. इथे प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक मागणीला क्रमांक देतो आणि उत्तरही त्याच क्रमांकाने परत येते, त्यामुळे अनेक मागण्या एकदम चालू असल्या तरी कोणते उत्तर कशाचे हे कळते. मेलची यादी भरताना प्रोग्रॅम फक्त ठरावीक शीर्षओळी मागतो, आणि त्याही मेलवर ‘वाचली’ची खूण न उमटवता. यादी दाखवण्यासाठी प्रोग्रॅमने डोकावणे म्हणजे माणसाने वाचणे नव्हे, हा भेद त्या मागणीतच लिहिलेला आहे.

या शीर्षओळींत विषयाची ओळ येते. विषय मराठीत असेल तर लॉगमध्ये तो देवनागरीत दिसत नाही, रोमन अक्षरांची, आकड्यांची लांब माळ दिसते. तिच्याकडे पाहत राहिले की एक पालुपद ऐकू येते: आकडा चार, मोठा के, मोठा एस, आणि मग एक बदलते अक्षर, पुन्हा चार, के, एस. मधूनच एसच्या जागी डब्ल्यू. याचे कारण सुंदर आहे. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि बेस-६४ तीन बाइटांची चार अक्षरे करतो. दोन्ही मापे तंतोतंत जुळतात, त्यामुळे प्रत्येक चिन्हाची एक पूर्ण चौकडी होते. मांडणीत देवनागरीचे दोन भाग पडतात आणि त्यांची सीमा दोन वेलांट्यांच्या मधून जाते. सगळी व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी एसच्या बाजूला. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण डब्ल्यूच्या बाजूला. ‘मराठी’ या शब्दाच्या पाच चौकड्या होतात, चार एसच्या आणि शेवटची, दुसऱ्या वेलांटीची, डब्ल्यूची. कान्याच्या चौकडीत शेवटी अधिकचिन्ह येते. आपल्या ‘ळ’च्या चौकडीत शेवटी छोटा झेड, आणि हिंदी विषयांत तो क्वचितच असल्याने नुसत्या त्या झेडवरून मेल मराठी किंवा कोकणी असावी असा अंदाज बांधता येतो.

मग शब्दांमधली मोकळी जागा येते आणि लय सरकते. जागा एकाच बाइटची, त्यामुळे पुढची चिन्हे चौकडीच्या चौकटीत एक घर पुढे जातात आणि चार-के-एसचे पालुपद हरवते. दुसऱ्या शब्दात प्रत्येक चौकडी मोठ्या सी आणि छोट्या केने किंवा एलने संपू लागते. आणखी एका जागेनंतर तीही लय जाते आणि छोट्या पीने सुरू होणाऱ्या चौकड्या येतात. तिसऱ्या जागेनंतर मूळ पालुपद परत येते. ही कोणी रचलेली लय नाही, तीन आणि चार यांच्या हिशेबातून ती आपोआप निर्माण झालेली आहे. पण ती मराठी वाक्याच्या शब्दांवर चालते, आणि ओळखता आली की त्या अगम्य माळेत शब्द कुठे संपतो हे दिसू लागते. कामालाही ती येते. एखाद्याच्या यादीत मराठी विषय चौकोनांनी किंवा प्रश्नचिन्हांनी भरलेला दिसत असेल तर लॉगमधली माळ पाहावी. ती या लयीत असेल तर मेल व्यवस्थित आलेली आहे, दोष दाखवणाऱ्या फॉन्टचा किंवा प्रोग्रॅमचा आहे. तिथे प्रश्नचिन्हेच असतील तर मजकूर आधीच, पाठवणाऱ्याच्या बाजूला किंवा वाटेत बिघडला आणि आपल्याकडे दुरुस्त होण्याजोगा नाही.

लॉगच्या पाचव्या पातळीवर आयमॅपच्या फाइलमध्ये पूर्ण पत्रेही उतरतात. आपले पत्ते, दुसऱ्यांचे पत्ते, घरच्या जाळ्याची माहिती, विषय, कधी औषधांचे तपशील, कधी बँकेचे. म्हणून ती फाइल जशीच्या तशी कोणालाही देऊ नका. साध्या एडिटरमध्ये उघडा, नावे आणि पत्ते बदला, पासवर्डच्या आसपासच्या ओळी स्वतः वाचून पाहा आणि अडचणीच्या वेळच्या दहा-पंधरा ओळीच ठेवा.

आणि मदत मागताना ‘मेल जात नाही’ एवढे लिहून थांबू नका. ‘सी’ची शेवटची ओळ आणि ‘एस’चे त्यावरचे उत्तर तिन्ही अंकांसकट, रेघेसह, एकही शब्द न गाळता द्या. समोरच्याचे निम्मे काम तिथेच होते. उत्तर मिळाले की कॉन्फिग एडिटरमध्ये जाऊन लॉगलेव्हलची मूळ किंमत परत आणा, व्हेरिएबल काढून टाका आणि फाइल पुसा. चालू राहिलेला लॉग स्वतःहून थांबत नाही, डिस्कवर वाढत राहतो.